पत्रातल्या अकरा ओळी

«ताई, नमस्कार.

माझं शालेय शिक्षण नुकतंच संपलं. सगळ्याच विषयांत बरे गुण आहेत, आणि तीच माझी अडचण झाली आहे. जिथे अर्ज करणार आहे त्या विद्यापीठात पदवीचे शंभरावर अभ्यासक्रम आहेत. यादी वाचतानाच डोकं गरगरतं. तीन आठवड्यांत पसंतीक्रम भरून द्यायचा आहे.

मानसशास्त्र घ्यावंसं वाटतं, कारण मैत्रिणी आपली दुःखं मलाच येऊन सांगतात. बाबा म्हणतात, अर्थशास्त्र घे, ते सगळीकडे चालतं. मामेभाऊ म्हणतो, संगणकशास्त्राशिवाय आता नोकरी नाही.

यादीत भाषाविज्ञान असा एक विषय दिसला. तो काय असतो ते मला नीट माहीत नाही. पण लहानपणापासून मला एक खोड आहे. कुणी बोलायला लागलं की काय बोलतंय यापेक्षा कसं बोलतंय याकडेच लक्ष जातं. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण तोंडातून ते वेगवेगळे निघतात. हे मी तिसरीत असताना बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, असंच असतं. माझी आजी ‘मी येतो’ म्हणते, आई ‘मी येते’ म्हणते. आजी कधीच गडबडत नाही, म्हणजे तिच्याकडे दुसरा नियम असणार ना? धाकटा भाऊ लहान असताना ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणायचा. घरात कुणीच तसं बोलत नाही, मग तो ते शिकला कुठून? असलं काही कानावर पडलं की मी वहीत लिहून ठेवते. ती वही अजून आहे. पण यावर कुणाचं पोट भरतं का?

आणखी एक. माझी जिवलग मैत्रीण मानसशास्त्र घेते आहे. मी दुसरीकडे गेले तर ती एकटी पडेल. मी काय घेऊ?»

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला हातात पेन्सिल घेऊन ओळी मोजल्या. मानसशास्त्राला तू एक ओळ दिलीस. अर्थशास्त्राला एक, तीही बाबांची. संगणकशास्त्राला एक, ती मामेभावाची. आणि ज्याबद्दल ‘नीट माहीत नाही’ म्हणतेस, त्या विषयावर तुझ्या हस्ताक्षरात अकरा ओळी आहेत. लिहिताना तुझ्या ते ध्यानात आलं नसेल, वाचणाऱ्याच्या लगेच येतं.

एवढ्यावरून भाषाविज्ञान घे आणि मोकळी हो, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी कुठे बघायचं, इतकंच त्या अकरा ओळी सांगतात.

प्रवेशाच्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसले आहे. तिथे सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे मुलं विषयाचं नाव निवडतात. नाव अर्जावर एकदा लिहायचं असतं, त्यामागचं काम तीन-चार वर्षं रोज करायचं असतं. शाळेत दिसलेला विषय विद्यापीठात तसाच भेटेल याची खात्री नसते. कित्येक विषय तर शाळेत नसतातच, त्यांचं आपल्या मनात नुसतं एक चित्र असतं.

माझंच सांगते. मी रसायनशास्त्र घेतलं, कारण शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई विलक्षण होत्या. त्या फळ्यावर समीकरण लिहायला लागल्या की वर्ग श्वास रोखून बसायचा. विद्यापीठात गेल्यावर कळलं की मला बाई आवडत होत्या. आठवड्यातले दोन दिवस प्रयोगशाळेत तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करायचं असे. माझ्या शेजारची मुलगी त्यात रमून जायची. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला की तिचा चेहरा उजळायचा. माझा कधी उजळला नाही. विषय बदलावा म्हणून मी चौकशीला गेले, तर खिडकीतून सांगण्यात आलं की वर्ष संपलं की बदलता येईल. वर्ष संपलं तेव्हा समजलं की बदलाच्या अर्जाची मुदत पहिल्या सत्राच्या आठव्या आठवड्यातच उलटून गेली होती. पदवी मी पूर्ण केली, चांगल्या गुणांनी केली. पण त्या वर्षांची हळहळ अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच तुझ्यासारख्या पत्रांना मी इतकी लांब उत्तरं लिहिते.

तेव्हा तुझ्या चारही विषयांत रोज काय करावं लागतं ते बघू. त्यातही दुसऱ्या वर्षाचं. पहिल्या वर्षी बराचसा भाग ओळख करून देण्याचा असतो, शेवटच्या वर्षी आपल्या आवडीचे ऐच्छिक विषय वाट्याला येतात. विषयाचा कणा मधल्या वर्षात असतो. तो पेलवला आणि आवडला तर बाकीचं निभावतं.

मानसशास्त्र आधी घेऊ. लोक तुझ्याकडे मन मोकळं करतात हा तुझा मोठा गुण आहे, तो जप. पण पदवीचा अभ्यास त्या गुणावर उभा नसतो. विल्हेल्म वुंट या जर्मन संशोधकाने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हा तिथे संवेदना मोजत, एखाद्या खुणेला प्रतिसाद द्यायला माणसाला किती वेळ लागतो ते मोजत. ते मोजमापाचं वळण विषयाला आजही आहे. संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, प्रयोगाची आखणी, मेंदूची रचना, स्मृती आणि अवधान यांवरचे प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाचा ठरावीक साच्यातला अहवाल. मैत्रिणीचं दुःख ऐकून घेणारी मुलगी या अहवालात रमेलच असं नाही. काही रमतात, त्या फार चांगल्या मानसशास्त्रज्ञ होतात. समुपदेशक किंवा उपचारतज्ज्ञ व्हायचं असेल तर पदवीनंतर आणखी शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो, आणि अनेक देशांत त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. हे आधीच माहीत असू दे.

अर्थशास्त्र म्हणजे वर्तमानपत्रातल्या महागाईच्या बातम्या, असं अनेकांना वाटतं. दुसऱ्या वर्षी तिथे कलन (कॅल्क्युलस) लागतं, आलेखांवर आलेख येतात, आणि अर्थमिती नावाचा विषय येतो, जो जवळजवळ सगळा संख्याशास्त्राचा असतो. गणिताचे गुण चांगले आहेत म्हणतेस, म्हणजे झेपेल. आवडेल का, ते मात्र बाबांना तुझ्या वतीने सांगता येणार नाही.

संगणकशास्त्रात प्रोग्रामिंग हा एक भाग असतो. बाकी विविक्त गणित (सुट्या सुट्या गोष्टींचं गणित), अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्या), डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती), आणि हे का चालतं याच्या सिद्धता. मामेभावाचं नोकरीबद्दलचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण रात्री अकराला एक चूक सापडत नाही म्हणून साडेबारापर्यंत जागणं ज्याला मनापासून भावतं, त्याचा हा विषय आहे.

आता तुझ्या अकरा ओळी. भाषाविज्ञान म्हणजे खूप भाषा बोलायला शिकणं नव्हे, हे आधी सांगून टाकते, कारण त्या समजुतीने आलेली मुलं पहिल्याच सत्रात हिरमुसतात. साहित्याचा आस्वादही तिथे फारसा नसतो. पहिल्या वर्षी तू जीभ नेमकी कुठे टेकते, श्वास कुठे अडतो, हे ओळखायला शिकशील आणि ऐकलेले ध्वनी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवशील. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च त्या लिपीत दोन वेगळ्या खुणांनी लिहितात. मग गृहपाठ येईल तो असा: कधी न ऐकलेल्या एखाद्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द, आणि प्रश्न एकच, यातला नियम शोधा. वाक्यं झाडासारखी फांद्या काढून उलगडायची. अर्थविचारात, म्हणजे शब्दांच्या आणि वाक्यांच्या अर्थाच्या अभ्यासात, तर्कशास्त्र आणि थोडा संचसिद्धान्तही लागतो. थोडक्यात, गणिताच्या वळणाने केलेला भाषेचा अभ्यास. सगळ्या विषयांत बरे गुण असलेल्या मुलीला हा विषय बसू शकतो, कारण त्याचा एक पाय मानव्यविद्येत आणि दुसरा विज्ञानात असतो.

तुझ्या भावाच्या ‘करलं’बद्दलही सांगते. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तिने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याला इंग्रजीत नसलेलं एक बनावट नाव दिलं, ‘वग’. मग तसे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय आहेत? मुलांनी त्या शब्दाचं इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. तो शब्द त्यांनी आधी कधी ऐकलेलाच नव्हता. म्हणजे मुलं नुसते ऐकलेले शब्द परत बोलत नाहीत, ऐकलेल्यातून नियम बांधतात. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘धरलं’ ऐकणाऱ्या तुझ्या भावाने ‘करलं’ स्वतः घडवलं. तू वहीत टिपलंस ते या विषयाचं खरंखुरं निरीक्षण होतं. आजीबद्दलचा तुझा तर्कही मला फार आवडला. आजी चुकत नाही, तिचा नियम वेगळा आहे, असं म्हणायला अनेकांना पदवीचं पहिलं वर्ष संपावं लागतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तीन आठवडे आहेत, त्यातल्या पाच-सहा संध्याकाळी यासाठी राखून ठेव. प्रत्येक विषयाचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठ प्रसिद्ध करतं, तो मिळव. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर अभ्यासक्रमापेक्षाही जास्त कळतं, कारण अभ्यासक्रमात काय शिकवू इच्छितात ते असतं आणि प्रश्नपत्रिकेत तुझ्याकडून काय करून घेणार आहेत ते असतं. ग्रंथालयातून पहिल्या वर्षाचं एकेक पाठ्यपुस्तक आण, एक प्रकरण वाच आणि त्याच्या शेवटची उदाहरणं सोडव. वाचताना सगळेच विषय गोड लागतात. सोडवायला बसल्यावर फरक कळतो. उत्तर बघायचा मोह कुठल्या विषयात लवकर होतो आणि कुठल्या विषयात ‘थांब, मला सुचतंय’ असं वाटतं, तेवढं फक्त टिपून ठेव. तुझ्याकडे वही आहेच.

शक्य झालं तर दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघांशी बोल. त्यांना ‘विषय कसा आहे’ असं विचारू नकोस, सगळे ‘छान आहे’ म्हणतात. मागच्या आठवड्यात काय काय केलंस, कंटाळा कशाचा आला, वर्गात किती मुलं असतात, असं विचार.

वर्गातल्या मुलांचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. मोठ्या विद्यापीठात मानसशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी काही शे विद्यार्थी एका सभागृहात बसलेले असू शकतात. तू आलीस की नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. कुणाला ते मोकळेपण मानवतं, कुणी त्यात हरवतं. भाषाविज्ञानाचे विभाग बहुतेक ठिकाणी लहान असतात. तिथे महिन्याभरात शिक्षक नावाने हाक मारतात, शंका विचारायला दार उघडं असतं. पण शिक्षक मोजकेच असल्यामुळे ऐच्छिक विषयही मोजके. एखादे शिक्षक वर्षभर रजेवर गेले तर त्यांचा विषय त्या वर्षी होतच नाही. तुला यातलं काय चालेल याचाही विचार कर.

पसंतीक्रम भरण्याआधी नियमांच्या पुस्तिकेत आणखी एक गोष्ट शोधायची आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. कुठल्या विषयातून कुठल्या विषयात जाता येतं? सगळी दारं दोन्ही बाजूंनी उघडत नाहीत. संगणकशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र हे शिडीसारखे असतात: पहिल्या सत्रातला विषय झाला नसेल तर दुसऱ्या सत्रातला घेता येत नाही. तिथे मधूनच चढणं अवघड. भाषाविज्ञान बहुतेक ठिकाणी शून्यापासून सुरू होतं, शाळेतला अमुक विषय हवाच अशी अट सहसा नसते. म्हणून पहिल्या वर्षी गणित किंवा संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग हातचं सोडू नकोस. पुढे अर्थशास्त्राकडे वळलीस, मानसशास्त्राकडे वळलीस किंवा भाषेतच राहिलीस, तरी ते कामाला येतं. संगणकाला माणसाची भाषा समजावी यासाठी जे काम चालतं, त्याला तर भाषा, गणित आणि प्रोग्रामिंग तिन्ही लागतात.

बदलाची मुदत कोणत्या आठवड्यात संपते, किती गुण लागतात, दुसऱ्या विभागात जागा मर्यादित आहेत का, मिळवलेले क्रेडिट (पूर्ण केलेल्या कामाचं मोजमाप) सोबत येतात का, ही उत्तरं लेखी घे. खिडकीतून मिळालेलं उत्तर पुढे कुणी मानत नाही.

काही विद्यापीठांत अर्ज करतानाच विषय पक्का करावा लागतो, तर अमेरिकेत अनेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतो. तुला पसंतीक्रम आत्ताच मागितला आहे, पण प्रवेशानंतर दुय्यम विषय घेता येतो का ते बघ. दोन विषयांची संयुक्त पदवी असेल तर वरवर ती फार मोहक दिसते. मी तिच्या विरोधात नाही. फक्त दोन्ही विभागांची वेळापत्रकं एकमेकांवर आदळत नाहीत ना, आणि शेवटचा प्रकल्प कुठल्या विभागात करायचा, हे आधी विचार.

ऐच्छिक विषय सहज म्हणून घेऊ नकोस. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे ६ क्रेडिटचा एक विषय दीडशे ते एकशेऐंशी तास खातो. तुझ्या विद्यापीठाचा हिशेब वेगळा असेल, तरी मांडून बघ. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला विषय केवढ्याला पडतो ते आकड्यातच दिसतं.

आता बाबांचं. ‘सगळीकडे चालतं’ या त्यांच्या वाक्यात तुझ्या पोटापाण्याची काळजी आहे आणि ती खरी आहे. तिला भावनेने उत्तर देऊ नकोस, माहितीने दे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, परिचारिका असे काही व्यवसाय आहेत की ज्यांना नेमकं तेच शिक्षण लागतं. तुला त्यांपैकी काही व्हायचं असतं तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. बाकी पुष्कळ नोकऱ्यांत पदवी कशाची यापेक्षा तुला काय करता येतं हे बघतात. भाषाविज्ञान झालेली मुलं भाषा-तंत्रज्ञानात जातात, कोशाच्या कामात जातात, शिकवतात, वाचा-उपचाराचं पुढचं शिक्षण घेतात, संपादन करतात. विभागाला सरळ विचार, मागच्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत. चांगला विभाग सांगतो. टाळाटाळ झाली तर तेही बाबांना प्रामाणिकपणे सांग, आणि स्वतःही मनावर घे.

बाबांना इरावती कर्वे यांचं नाव नक्की माहीत असेल. त्यांची पदवी तत्त्वज्ञानाची, आणि जगाने त्यांना ओळखलं ते मानववंशशास्त्रातल्या कामामुळे. वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्राची होती. पण ती झाल्यावर ते नव्याने जीवशास्त्राचे विद्यार्थी झाले, हेही बाबांना सांग. वाट बदलता येते, तिची किंमत वर्षांत मोजावी लागते. ती किंमत लवकर आणि कमीत कमी पडावी म्हणून तर आत्ता ही सगळी खटपट.

तू विचारलंस, मी काय घेऊ. आज, हे पत्र हातात असताना, मी तुझ्या जागी असते तर भाषाविज्ञान पहिलं लिहिलं असतं, आणि दुय्यम विषय घेता येत असेल तर संगणकशास्त्र किंवा मानसशास्त्र. दुसऱ्या पसंतीला मानसशास्त्र, कारण भाषा कशी शिकली जाते हा प्रश्न तिथेही शिकवतात आणि मोजमापाची तुझी तयारी असेल तर तिथे तुझं नुकसान होणार नाही. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवून बघितल्यावर हा क्रम उलटा झाला, किंवा अर्थशास्त्रानेच तुला धरून ठेवलं, तर माझा क्रम खोडून टाक. तुझी वही माझ्यापेक्षा जास्त जाणते.

मैत्रिणीचं उत्तर शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुला रात्री जागवणारा प्रश्न तोच आहे. मोठ्या विद्यापीठात एकाच विषयाला असूनही तुम्ही वेगळ्या गटांत, वेगळ्या तासांना असाल, हे शक्य आहे. आणि वेगळ्या विषयांना असूनही राहण्याची जागा, ग्रंथालयातलं टेबल, संध्याकाळचं फिरणं एक असू शकतं. तिच्यासाठी मानसशास्त्र घेतलंस आणि दुसऱ्या वर्षी कंटाळलीस, तर त्या कंटाळ्याचा भार तिच्याही मनावर येईल. अर्ज भरण्याआधी तिला भेट, हे सगळं तिला सांग. आणि तिलाही विचार, तुझ्या पत्रात अकरा ओळी कशावर असत्या?

तुझी,
ताई